काटेमास्तरांचा निव्वळ दाब

खाणीकडून येणारा रस्ता मोठ्या रस्त्याला जिथे मिळतो, तिथे धुळीत बुडालेला एक वजनकाटा आहे. जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबरुंद पोलादी पाट, त्याच्या कडेला खिडकीची एक खोली, खोलीत एक खुर्ची आणि त्या खुर्चीत एकतीस वर्षं बसलेला एक माणूस. त्याचं नाव काय, हे त्याच्या पगाराच्या कागदाला ठाऊक असेल. बाकी साऱ्या रस्त्याला तो काटेमास्तर.

काम तसं सोपं. गाडी खडी भरून येते, पाटावर चढते, आकडा पडतो. माल उतरवून तीच गाडी मोकळी परत येते, पुन्हा आकडा पडतो. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतं ते निव्वळ वजन. पण सोप्या कामात एकतीस वर्षं घालवली की माणसाला त्यात तत्त्वज्ञान दिसू लागतं. काटेमास्तरांना दिसलं. भरगाडीच्या आकड्याला ते आकडाच मानायचे नाहीत. "तो वरवरचा," ते म्हणायचे. "त्यात लोखंड आलं, डिझेल आलं, ड्रायव्हरचं पोट आलं. खरं काय ते वजा केल्यावर कळतं."

आणि वजा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. भरगाडीच्या वेळी सीटखाली दडून बसलेला क्लीनर असो, की मोकळ्या गाडीच्या वेळी गुपचूप उतरवून ठेवलेली स्टेपनी असो, मास्तर खिडकीतून नुसतं बघायचे आणि म्हणायचे, "उतर रे बाबा खाली, तुझं वजन खडीच्या भावानं विकायचं नाही." ड्रायव्हर मंडळी त्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायची आणि तोंडावर नमस्कार करायची. मास्तर नमस्कार तेवढे घ्यायचे.

अशा माणसाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला.

आधी धुळीसारखं वाटलं. मग धुक्यासारखं. मग एके दिवशी त्यांनी आठाचा तीन वाचला आणि एक अख्खी गाडी पाच टनांनी हलकी झाली. माल घेणारा काही बोलला नाही, तो कशाला बोलेल? पण खाणीच्या मालकांच्या ते लक्षात आलं. मालकांनी बोलावून घेतलं.

"मास्तर, डोळा करून घ्या. महिन्याची मुदत."

"करतो की, मालक."

"महिन्यात झाला नाही, तर खोलीत जावयाला बसवतो. तसाही घरी बसून माझंच खातोय."

मालकांचा जावई पस्तिशीचा होता, अंगानं भरलेला होता आणि सासऱ्याच्या प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे, पपा" म्हणण्यापलीकडे त्याला दुसरा उद्योग नव्हता. आपल्या खुर्चीत हा बसणार, या कल्पनेनंच मास्तरांच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

ती शीर डोळ्यांच्या दवाखान्यात उघडी पडली. तिथल्या सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि आकडा वाचून मान हलवली. वरचा एकशे अठ्ठ्याऐंशी, खालचा एकशे चार. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "आजोबा, इतक्या दाबावर मी डोळ्याला हात लावत नाही. वरचा आकडा एकशे साठच्या आत हवा. गोळी लिहून देते, रोज सकाळी एक, चुकवायची नाही. घरी मशीन घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ मोजा, लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी वही आणि मशीन दोन्ही घेऊन या. आकडे बरे असले तर तारीख देते."

आजोबा म्हटल्याचाच मास्तरांना इतका राग आला होता, की पुढचं निम्मं त्यांनी ऐकलंच नाही. सिस्टरनं कसं मोजायचं त्याचा कागद हातात दिला, तो त्यांनी चार घड्या करून खिशात टाकला. मापायचं कसं, हे काटेमास्तरांना शिकवायचं म्हणजे काय!

मशीन थोरल्या लेकीनं पाठवलं. त्यात तारीख-वेळ लावून, वर फोनवरून दहा वेळा सांगून. संध्याकाळी काटा बंद करून मास्तर घरी आले, दोन मजले चढले, वाफाळता चहा ढोसला, आणि अंगातला स्वेटर न काढताच वरून पट्टा बांधून बसले. बायको समोर भाजी निवडत होती.

"अहो, स्वेटर तरी काढा."

"तू गप्प बस, मोजतोय."

"मी गप्पच आहे. पोरगी म्हणाली, बाही वर करून बांधायचा."

"पोरगी काय डॉक्टर आहे?"

"मग तुम्ही आहात?"

पट्टा फुगला, गुरगुरला, सुस्कारा टाकून बसला. एकशे ब्याऐंशी.

मास्तरांनी आकड्याकडे असं पाहिलं, जसं ते सीटखालच्या क्लीनरकडे पाहायचे. इतका आकडा आपला असणं शक्य नाही. म्हणजे आपल्यावर काहीतरी चढून बसलंय. आणि एकाएकी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा भरगाडीचा आकडा! यातून मोकळ्या गाडीचं वजन कुणी वजा केलंय? कुणीच नाही. ही डॉक्टर मंडळी भरलेल्या आकड्यावर माणसाचा न्याय करतात, आणि यांना शिकलेले म्हणायचं!

त्यांनी नवी वही काढली, पट्टी घेऊन तीन रकाने आखले. भरलेलं, वजा, निव्वळ. अक्षर सुरेख, काट्याच्या पावतीवर असायचं तसं. पहिल्या रकान्यात एकशे ब्याऐंशी लिहिलं. मग वजावट. स्वेटरचे दहा. चहाचे आठ. जिन्याचे सहा. थोडा विचार करून त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि लिहिलं, बोलण्याचे बारा.

"काय लिहिताय?" तिनं विचारलं.

"हिशेब."

तिनं उठून वहीत डोकावलं. "माझे बारा? आणि जिन्याचे सहाच?"

"जिना एकदाच चढतो."

बायकोनं भाजीची परात उचलली. "मग माझेही लिहा. तुमच्यासोबत छत्तीस वर्षं काढली त्याचे किती वजा करता?" असं म्हणून ती आत गेली. मास्तरांनी निव्वळच्या रकान्यात एकशे शेहेचाळीस लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. डोळ्याची तारीख त्यांना समोर दिसायला लागली. एका डोळ्यानं का होईना, पण स्वच्छ.

पुढचे दिवस असेच गेले. स्वेटर काढला असता, चहा मोजल्यावर प्यायला असता, जिना चढून आल्यावर जरा टेकले असते, तर वजाबाकीची गरजच उरली नसती, हे मास्तरांना कधी सुचलं नाही. सुचणार कसं? पाटावर गाडी येते तशी येते. तिला धुऊन-पुसून आणा असं ते आजवर कुणाला म्हणाले नव्हते. येईल तसं मोजायचं आणि वजा करायचं, हा त्यांचा धर्म. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्यातल्या हवेचेही दहा लावले, कारण हवा आपली नाही, मशीनची आहे. पाचव्या दिवशी निव्वळ आकडा एकशे चौतीसवर आला, आणि त्या आनंदात त्यांनी गोळीचे दोन तुकडे केले.

"अर्धीच?" बायकोनं विचारलं.

"एकशे चौतीसला अख्खी गोळी लागत नाही. उगाच जास्त खाली गेला तर चक्कर येते."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं का तसं?"

"आकड्यानं सांगितलं."

गोळी अर्धी झाल्यावर पहिल्या रकान्यातला आकडा वर चढू लागला. मास्तर डगमगले नाहीत. त्यांनी वजावट वाढवली. उन्हाचे चार, धुळीचे तीन, जावयाचा विचार मनात आल्याचे पंधरा. या शेवटच्या वजावटीबद्दल त्यांना जराही शंका नव्हती. ती खरोखरच बाहेरून चढलेली होती.

बायको आता वहीत डोकावायची नाही. ती सकाळी पोळपाटावर हात चालवता चालवता मधूनच थांबायची आणि बाहेरच्या खोलीचा कानोसा घ्यायची. मास्तर खोकले, की पुन्हा हात चालू व्हायचा. तिच्या भावाला असाच एका सकाळी दाढी करता करता अर्धांगवायूचा झटका आला होता, आणि त्या आधी तोही सगळ्यांना सांगायचा, मला काही होत नाही.

आता मशीन घरात ठेवलं असतं तरी ठीक होतं. पण कौतुक चार भिंतींत मावेना. मास्तर ते काट्याच्या खोलीत घेऊन जाऊ लागले. वजनाला आलेला ड्रायव्हर खिडकीतून हात आत घालायचा आणि मास्तर त्याला पट्टा बांधायचे. गाडीचं इंजिन चालू, मागून दुसऱ्या गाडीचा हॉर्न, ड्रायव्हर मालकाला शिव्या देतोय, आणि मास्तर आकडा वाचून गंभीरपणे वजाबाकी करताहेत. "तुझा निव्वळ एकशे सव्वीस. घोडा आहेस घोडा!" ड्रायव्हर खूश होऊन जायचा. आयुष्यात पहिल्यांदा काटेमास्तरांनी त्याच्या बाजूनं वजन दिलेलं असायचं.

ही बातमी मालकांच्या कानावर गेली. ते स्वतः आले. अंगात जाड जाकीट, एका हातात फोन, दुसऱ्या हातात खाऱ्या दाण्यांची पुडी. फोनवर कुणाला तरी फाडून खात होते. फोन खाली ठेवला आणि हात पुढे केला. "मास्तर, बघा तरी. दोन वर्षं गोळ्या गिळतोय, कंटाळा आलाय."

एकशे शहात्तर आला. मास्तरांनी मालकांच्या तोंडाकडे पाहिलं, खोलीच्या भिंतीकडे पाहिलं, आणि आपण ज्या खुर्चीत बसलो होतो तिच्या हातावरून एकदा हात फिरवला.

"जाकिटाचे दहा," ते म्हणाले. "दाण्यांचे आठ. फोनवर ओरडलात, त्याचे वीस. निव्वळ एकशे अडतीस, मालक."

"असं?" मालकांचा चेहरा खुलला. "बघा! मी डॉक्टरला सांगतच होतो. माझं काही नाही, ही सगळी कामाची कटकट आहे. आजपासून गोळ्या बंद. नुसतं लुटतात हो."

"लुटतातच," मास्तर म्हणाले.

मालकांनी पुडीतले उरलेले दाणे तोंडात टाकले आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची ऊब मास्तरांना दिवसभर पुरली. घरी येऊन त्यांनी बायकोलाही सांगितलं, मालकांनी गोळ्या बंद केल्या म्हणून. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली, आणि हे मास्तरांनी आपल्या बाजूनं मत पडलं असं धरलं.

पंधरावा दिवस उजाडला. मास्तरांनी निव्वळचा रकाना तेवढा एका कोऱ्या पानावर सुबक उतरवून काढला. मूळ वही घरीच ठेवली. वरवरचे आकडे दाखवून डॉक्टरीणबाईंचा वेळ कशाला घ्यायचा? बायको बरोबर आली. दवाखान्यात तीच सिस्टर होती. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

तिनं पान वाचलं. "अरे वा, काका! एकशे चौतीस, एकशे बत्तीस, एकशे चौतीस. फारच छान. मशीन आणलंय?"

"आणलंय."

"द्या."

तिनं मशीनवरचं एक बटण दाबलं. मास्तरांनी ते बटण पाहिलं होतं, पण ते दिव्याचं असेल म्हणून कधी हात लावला नव्हता. पडद्यावर एक आकडा आला. एकशे शहाऐंशी. तिनं पुन्हा दाबलं. एकशे एक्क्याण्णव. पुन्हा दाबलं. बटण दाबलं की एकेक आकडा असा उठून उभा राहू लागला, जसे सीटखालून क्लीनर.

"हे काय, काका?"

एकतीस वर्षं लोकांच्या सबबी ऐकलेल्या माणसाला एखादी स्वतःलाही सुचतेच. "ते... ते ड्रायव्हर लोकांचे आहेत. काट्यावर सगळ्यांचं मोजतो ना मी."

"असं होय." सिस्टरनं चष्मा वर सरकवला. "आज पहाटे पाच पस्तीसला एकशे एक्क्याण्णव. काल पहाटे पाच चाळीसला एकशे शहाऐंशी. परवाही तीच वेळ. ड्रायव्हर लोक इतक्या पहाटे तुमच्या घरी येतात? चहाला?"

बाकावर बसलेली बायको छताकडे बघत म्हणाली, "माझ्या हातचा चहा चांगला असतो." मग मात्र तिला राहवलं नाही. "सिस्टर, हे वजा करतात. स्वेटरचे, जिन्याचे, माझ्या बोलण्याचे. आणि गोळी अर्धी घेतात."

सिस्टर हसली नाही, हेच वाईट झालं. हसली असती तर मास्तर रागावून निघून गेले असते. तिनं त्यांना खुर्चीत नीट बसवलं. पाठ टेकवा. पाय जमिनीवर, एकावर एक नको. स्वेटर काढा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. "लघवीला जाऊन आलात? चहा किती वेळापूर्वी? आता पाच मिनिटं गप्प बसायचं. तुम्ही पण, काकू."

पाच मिनिटं. मास्तरांना आठवत नव्हतं, आपण शेवटचे इतका वेळ गप्प कधी बसलो होतो. खिडकीबाहेर एक कावळा तारेवर सरकत सरकत जात होता. स्वतःच्या श्वासाचा आवाज त्यांना ऐकू आला, शेतातल्या जुन्या पंपासारखा. मग पट्टा उघड्या दंडावर आवळला. एकशे चौऱ्याऐंशी. एक मिनिट थांबून पुन्हा. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"वजा करू का काही?" सिस्टरनं विचारलं.

मास्तरांनी मांडीवरचा स्वेटर उलटासुलटा केला.

"काका, गाडीचं मोकळं वजन असतं. ती रिकामी होते, परत भरते. माणसाचा दाब असा रिकामा करून बघता येत नाही. तो रिकामा झाला की चार जणांना खांदा द्यावा लागतो." तिनं पुन्हा मशीनकडे पाहिलं. "चहाचे, जिन्याचे वजा करायचे नसतात. मोजायच्या आधी अर्धा तास चहा घ्यायचाच नाही, आणि चढून आल्यावर बसायचं. गोळी अख्खी, रोज. मीठ कमी. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा. जो येईल तो लिहायचा. वाईट आला तरी आपलाच."

डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली नाही. गोळ्या बदलल्या आणि आणखी पंधरा दिवस दिले. म्हणजे महिन्याची मुदत संपून वर काही दिवस. म्हणजे जावई.

परतताना रस्त्याच्या कडेनं दोघं चालत होते. ऊन उतरलं होतं, भिंतींच्या सावल्या लांब झाल्या होत्या. मास्तर मनात सबबी जुळवत होते. डॉक्टरीणबाई गावाला गेल्या असं सांगू. नाहीतर दवाखान्यातलं यंत्र बिघडलं असं. मालक पंधरा दिवस सहज देतील, खूश आहेत आपल्यावर.

"मालकांचं काय?" बायकोनं विचारलं.

"मालकांचं काय?"

"त्यांचेही वजा केलेत ना? जाकिटाचे, दाण्यांचे?"

मास्तर थांबले. एक गाडी खडखडत बाजूनं गेली, तिची धूळ दोघांच्या अंगावर बसली.

"गोळ्या बंद केल्यात त्यांनी," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर."

"त्यांना सांगितलं तर खुर्ची आजच जाईल."

"जाईल."

"मग?"

"मला काय विचारता? माझ्या बोलण्याचे बारा वजा करा आणि मग उरेल ते ऐका." आणि ती पुढे चालू लागली. पण दहा पावलांवर थांबली, आणि ते येईपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी अख्खी गोळी घेतली, मशीन पिशवीत घातलं आणि काट्यावर न जाता थेट मालकांच्या कचेरीत गेले. मालक टेबलामागे होते. समोर खाऱ्या दाण्यांची बशी, बाजूच्या खुर्चीत जावई.

"या मास्तर! मिळाली तारीख?"

"नाही. आणखी पंधरा दिवस हवेत."

"का?"

मास्तरांच्या ओठांवर डॉक्टरीणबाईंचं गाव आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "माझं बीपी जास्त आहे. मी चुकीचं मोजत होतो. वजा करायचं नसतं ते वजा केलं." आणि श्वास घेऊन, "तुमचंही. तुमचे एकशे अडतीस नव्हते, मालक. एकशे शहात्तर होते."

जावयाच्या तोंडात एक दाणा कटकन फुटला.

"काय?" मालक उभे राहिले. "अरे, गोळ्या सोडल्या मी! तुझ्या भरवशावर! बायकोशी भांडलो, डॉक्टरला चोर म्हणालो! तू मला—"

"बरोबर आहे, पपा," जावई म्हणाला. "मी तर तेव्हाच म्हणणार होतो."

"तू काय म्हणणार होतास? तूच तर म्हणालास, पपा, तुम्ही तरुण दिसताय!" मालकांची मान लाल झाली होती. कपाळावरची शीर मास्तरांना आपल्या धुकट डोळ्यानंही दिसली. "एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मी तुझ्या आकड्यावर—"

"मालक, बसा."

"मला बसायला सांगतोस?"

"बसा. आधी मोजू. मग काय म्हणायचं ते म्हणा. खोलीची किल्ली आणलीय मी, ती पण देतो." मास्तरांनी किल्ली काढून दाण्यांच्या बशीशेजारी ठेवली.

किल्ली बघून म्हणा, की ओरडून दम लागला म्हणून म्हणा, मालक बसले. मास्तरांनी त्यांचं जाकीट उतरवलं, बाही वर केली, हात टेबलावर ठेवला, त्याखाली फायलींचा गठ्ठा सरकवून तो छातीच्या उंचीला आणला. पाठीला टेकायला लावलं. बशी उचलून जावयाच्या मांडीवर ठेवली.

"आता पाच मिनिटं बोलायचं नाही."

"मी तुला—"

"बोललात की पुन्हा पहिल्यापासून."

मालक गप्प झाले. असा माणूस गप्प बसतो तेव्हा खोलीतल्या भिंतीही अवघडतात. ते डोळ्यांनी बोलत होते, आणि जे बोलत होते ते छापण्यासारखं नव्हतं. पहिलं मिनिट तसं गेलं. दुसऱ्यात नाकपुड्या फुलायच्या थांबल्या. तिसऱ्यात त्यांचे खांदे थोडे खाली आले आणि मास्तरांच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्याहून दोन वर्षांनी म्हातारा आहे, आणि त्याची नजर पट्ट्यावरून हलत नाहीये. भीतीनं. तशीच, जशी काल आपली त्या कावळ्यावरून हलत नव्हती.

चौथ्या मिनिटाला जावयानं तोंड उघडलं. मालकांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मिटलं.

पट्टा आवळला, सैल झाला. मास्तर डावा डोळा पडद्याजवळ नेऊन वाचू लागले, आणि आकडा मोठ्यानं बोलले. "एकशे ऐंशी. खालचा शंभर."

मालकांच्या तोंडावरून रंग उतरला. "आता बोलू?"

"दुसरं माप बाकी आहे. एक मिनिट."

दुसरं माप एकशे शहात्तर आलं. मास्तरांनी दोन्ही आकडे एका कागदावर लिहिले, एकाखाली एक. बाजूला काही लिहिलं नाही.

"बोला आता," ते म्हणाले.

मालकांनी कागद हातात घेतला. मग जावयाकडे वळले. "तू मोजलं असतंस तर किती सांगितलं असतंस रे?"

जावयानं सासऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधलं. "तुम्ही म्हणाल तितकं, पपा."

"हेच." मालकांनी किल्ली उचलली आणि जावयाच्या मांडीवरच्या दाण्यांत टाकली. "याचा डोळा होईपर्यंत तू बस खोलीत. डोळा करून हा आला, की उठायचं. नाही आला तर बसून राहा, मग माझंच नशीब." मग मास्तरांकडे बघून, अजून दातओठ खातच, "आणि तू. डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर. आत्ता. मी त्याला काय काय बोललोय, ते तुला ऐकायला हवं. माफी मी मागणार नाही, तू मागायचीस."

"मागतो," मास्तर म्हणाले आणि पट्ट्यातली उरलीसुरली हवा दाबून काढू लागले.